संदर्भ क्रमांक एक

"हा भोपळा काहून काढलास, माय?" सुंदररावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि लेकीच्या अर्जावर बोट ठेवलं.

"भोपळा न्हाई, अण्णा. शून्य हाय ते," सत्यभामा म्हणाली. "माझ्या निबंधाचा किती जणांनी उल्लेख केला, असं विचारलंय. कुणीच केला न्हाई. म्हणून शून्य."

डॉक्टर सत्यभामा शिनगारे एका मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. रोग्याच्या पोटात, जखमेत आणि पिण्याच्या पाण्यात कुठले जंतू आहेत ते शोधायचं, हे त्यांचं काम. हिंगणटाकळी गावाच्या लेखी मात्र त्या 'जंताची डॉक्टरीण' होत्या, आणि गावातल्या निम्म्या बाया त्यांच्याकडे पोरांच्या जंतावरच औषध मागायच्या. दिवाळीला चार दिवस ती गावी आली होती. दिवाळी नावालाच होती. पावसाने सलग दुसऱ्या साली पाठ फिरवलेली, दूध संस्थेत चाळीस कॅन यायचे तिथे नऊ येत होते. अशा दिवसांत ओसरीवर बसून आपल्याच बढतीचा अर्ज भरायचा, याची सत्यभामाला जरा लाजच वाटत होती.

अर्जात दोन रकाने नडत होते. पहिल्यात लिहायचं, की ज्यावर आपलं नाव सगळ्यांत आधी आहे असे शोधनिबंध किती. तिथे एक होता. बाकी तीन निबंधांवर तिचं नाव सहावं-सातवं, लग्नपत्रिकेत तळाशी 'आणि समस्त'च्या जरा वर येतं तसं. ते कुणी धरत नसे. एक असला तर अर्ज चालत होता, नसला तर अर्जच नव्हता. दुसऱ्या रकान्यात लिहायचं, की इतर संशोधकांनी आपल्या लिखाणात त्या निबंधाचा आधार किती वेळा घेतला. अठरा वर्षं नोकरी करून तिथे भोपळा होता.

"सात वर्सं झाली की छापून," सुंदरराव म्हणाले. "वाचला तरी का कुनी?"

"संपादकानं वाचला असंल. मी दोनदा वाचला."

सुंदररावांना हे फार लागलं. ते बावीस वर्षं हिंगणटाकळी दूध उत्पादक सहकारी संस्थेचे बिनविरोध चेअरमन होते; बिनविरोध एवढ्यासाठी, की ती डोकेदुखी दुसऱ्या कुणाला नको होती. बावीस वर्षं पत्रव्यवहारात गेलेल्या माणसाला आधार म्हणजे काय हे शिकवायला नको. विषयाच्या खाली 'संदर्भ' असतो, तिथे ज्या कागदाच्या जोरावर आपण बोलतो त्याचं नाव लिहायचं. त्याशिवाय पत्र म्हणजे नुसती कुरकुर.

"आगं मंग संस्था देती की आदार! राधाकिशन!"

राधाकिशन हा संस्थेचा सचिव. अक्षर मोत्यासारखं आणि वाचायचा कंटाळा, हे दोन्ही गुण त्या एका माणसात नांदत होते. तो सायकल भिंतीला टेकवून आत आला आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, निबंधाचं नाव तेवढं लिहून द्या. संदर्भ एक नंबरला टाकतो. आपल्या पत्राला न्हाईतरी एकच संदर्भ आस्तोय, लई उघडंबोडकं दिसतं."

"अहो, तसं चालत न्हाई. ते संशोधकांनी करायचं असतं."

"आमी काय कमी संशोधन करतो का?" सुंदरराव म्हणाले. "टँकर कुटं गेला ह्याचं रोजच करतो."

चार दिवसांत सत्यभामा पहिल्यांदा हसली. हसता हसता म्हणाली, "टाका मग." आणि दुसऱ्या दिवशी एसटी धरून गेली.

राधाकिशनने शब्द पाळला. चारा छावणीला कडबा कमी आला, त्या तक्रारीवर 'संदर्भ : १) डॉ. सत्यभामा सुंदरराव शिनगारे यांचा शोधनिबंध, खंड चौदा, अंक तीन, पृष्ठे २११ ते २१९.' कॅनची झाकणं बदलून मिळावीत, त्यावर तोच. वजनकाटा बिघडला, त्यावर तोच. माजी संचालक आप्पाराव वारले, तेव्हा त्यांच्या घरी गेलेल्या शोकपत्रावरही खंड चौदा, अंक तीन होताच. निबंधात काय आहे हे कुणी विचारलं नाही. तो इंग्रजीत होता आणि नऊ पानांचा होता, म्हणजे त्यात वजनदारच काहीतरी असणार.

सरकारी कचेरीत एक जुना रिवाज आहे. आलेल्या पत्रातले संदर्भ उत्तरात उतरवून घ्यायचे. संदर्भ वाढला तर कुणी विचारत नाही, गळला तर जाब द्यावा लागतो. त्यामुळे निबंध तालुक्याला गेला आणि तिथून जिल्ह्याला चढला. पशुसंवर्धनवाल्यांनी तो पाणीपुरवठावाल्यांना कळवला, पाणीपुरवठ्याने पुनर्वसनला, आणि एकदा तर तो चुकून क्रीडा विभागाच्या कबड्डी स्पर्धेच्या पत्रकावर गेला.

दर रविवारी सुंदरराव फोन करत. "संक्रांतीपावतर एकेचाळीस झाले, माय." पुढे महाशिवरात्रीला एकसष्ट. सत्यभामा 'छान' म्हणून विषय बदलायची. पण खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटायचं. राधाकिशनने मोबाइलवर धाडलेला एका पत्राचा फोटो तिने जपून ठेवला होता आणि कॉलेजात कुणी आपल्या उल्लेखांचे आकडे सांगायला लागलं, की ती तो एकटीच पाहायची. जगातल्या संशोधकांनी नाही, पण कडब्याच्या तक्रारीने तरी आपलं नाव घेतलं, याचा आनंद माणसाला होऊ नये असं थोडंच आहे?

मग तालुक्याला नवे साहेब आले. वयाने तरुण, हुशार, आणि घात असा की वाचणारे. टँकरच्या फायलीत त्यांना जागोजाग संदर्भ एक दिसला. त्यांनी शेरा मारला, 'संदर्भ क्र. १ ची प्रत सादर करावी.' हिंगणटाकळीत आनंदीआनंद झाला. राधाकिशन जीपला लटकून दिंद्रुडच्या बाजारात गेला, नऊच्या नऊ पानांची रंगीत झेरॉक्स काढली, वर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि स्वतः नेऊन दिली.

साहेबांनी नऊच्या नऊ पानं वाचली. नऊ वर्षांपूर्वीच्या दुष्काळात या भागात जुलाब-उलट्यांची साथ आली होती. तेव्हा सत्यभामाने रोग्यांचे आणि पाण्याचे नमुने तपासले होते, आणि साथीचं मूळ शोधून काढलं होतं. ते मूळ तक्ता दोनमध्ये स्वच्छ छापलेलं होतं. हिंगणटाकळी दूध संस्थेची विहीर, पिण्यास अयोग्य. चार गावांचे टँकर त्याच विहिरीवर भरत होते! आणि हा निबंध एकसष्ट सरकारी कागदांवर असून कुणी बोट हलवलं नव्हतं! साहेबांनी त्याच दिवशी हलवलं. विहिरीच्या मोटारीची पेटी सील झाली, कठड्यावर लाल अक्षरांत पाटी लागली. आदेशाच्या कागदावर संदर्भ एकच होता.

साहेबांचं काही चुकलं नव्हतं. निबंधात काही खोटं नव्हतं. फक्त तो सात वर्षांचा म्हातारा झाला होता. निबंध लिहून झाल्यावर सत्यभामानेच वडिलांच्या मागे लागून ती विहीर उपसायला लावली होती, कडा बांधून घेतल्या होत्या, वर जाळी टाकली होती. रोज सांजच्याला पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर किती टाकायची ते तिने भिंतीवर खडूने लिहून दिलं होतं, आणि सुंदरराव ती देवपूजेच्या नेमाने टाकत होते. पण भिंतीवरच्या खडूला खंड नसतो आणि अंकही नसतो.

फोन वच्छलाबाईचा आला. वच्छलाबाई म्हणजे शेजारीण, दोन म्हशींवर संस्थेची सभासद.

"सत्या, कागदात काय लिवलंस गं माय? इहिरीला कुलूप लावलं. चौथ्या दिवशी टँकर येतोय, त्यो बी लांबून. म्हशी हौदात तोंड घालत्यात आन् तशाच माघारी येत्यात."

सत्यभामा नमुन्याच्या बाटल्या घेऊन आली. गावात तिला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. बाया रिकाम्या घागरी घेऊन तिच्या दारावरून जात आणि मुद्दाम दुसरीकडे बघत. सुंदरराव बावीस वर्षांत पहिल्यांदा संस्थेत न जाता घरी बसले होते. तिने पाणी नेलं, तपासलं, तिसऱ्या दिवशी अहवाल घेऊन परत आली. पाणी शुद्ध होतं. मग वडिलांना आणि राधाकिशनला घेऊन ती तालुक्याच्या कचेरीत गेली.

तिथे कारकून हरिबा भाऊसाहेब बसले होते. वयाने निवृत्तीला आलेले, टेबलावर फायलींची तटबंदी.

"साहेब हायत का?"

"बदली झाली की. वाचनारे व्हते, टिकले न्हाईत," भाऊसाहेब म्हणाले. "पदभार दुसऱ्या साहेबांकडंय. ते सही करतात, पन वाचत न्हाईत. बोला."

"तो निबंध मीच लिहिलाय. मीच सांगते, आता विहीर शुद्ध आहे. हा घ्या अहवाल."

भाऊसाहेबांनी अहवाल उलटासुलटा पाहिला. मग फायलीतून प्लॅस्टिकचं कव्हर काढून त्याच्या शेजारी ठेवलं. "मॅडम, हे बघा. हे तुमी टाइप केलंय. आन् हे छापील हाय. खंड हाय, अंक हाय, पान नंबर हाय. छापलेलं खोडायचं, तर छापलेलंच लागंल."

"पण दोन्ही मीच लिहिलंय ना!"

"मंग तर लईच अवघड. तुमचं कोनतं खरं धरावं आमी?"

"सरकारी तपासणी करा."

"नमुना धाडलाय. रांग हाय. दीड-दोन महिने धरा."

"आन् तवर मान्सं काय पितील?" सुंदररावांचा आवाज चढला.

"ते ह्या टेबलावर येत न्हाई, चेअरमनसाहेब." पण भाऊसाहेबही त्याच भागातले, त्यांच्याही दारात घागरी रिकाम्या होत्या. इकडेतिकडे बघून ते हळू बोलले, "आदेशाला टेकू एकच हाय. संदर्भ एक. त्योच रद्द झाला, तर आदेश उभा ऱ्हात न्हाई. ठराव रद्द करायला ठराव लागतोय. निबंध रद्द करायला काय लागतंय, ते तुमाला म्हाईत."

"बरोबर हाय," राधाकिशनने मान डोलावली. "नियमच हाय तसा."

तिघं जीपने परत निघाले. नवा निबंध लिहून छापायचा तर दीड वर्ष. जुना मागे घ्यायचा तर एक अर्ज. गणित अवघड नव्हतं. धारूरचा घाट लागला, तेव्हा सुंदररावांनी विचारलं, "रद्द केला, तर पुन्ना छापता येतोय का?"

"न्हाई, अण्णा."

"आन् तुजा बढतीचा अर्ज?"

"त्याला एक निबंध लागतो."

सुंदररावांनी बाहेर बघितलं. उघडे डोंगर, तळ दिसणारे तलाव. "तुजं नाव व्हावं म्हनून केलतं मी," ते म्हणाले, "आन् मीच पुसलं." आणि जीपभर माणसांसमोर ते उपरण्यात तोंड घालून रडले. सत्यभामाने त्यांचा हात धरला. तिला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही.

संध्याकाळी ती संस्थेच्या बाकड्यावर मोबाइल घेऊन बसली. नियतकालिकाच्या अर्जात निबंध मागे घेण्याची कारणं दिलेली होती, त्यातलं एक निवडायचं. चोरी केली. आकडे बनवले. चूक झाली. इतर नैतिक कारणे. गावाला पाणी हवं आहे, असं कारण त्या यादीत नव्हतं. तिने 'चूक झाली' निवडलं आणि अंगठा तसाच वर धरून थांबली.

वच्छलाबाई शेजारी येऊन टेकली. तिच्या कॅनच्या तळाशी लिटरभर दूध होतं.

"त्यात आमच्या सारजाचं हाय ना गं?"

"हाय," सत्यभामा म्हणाली. "तक्ता तीन. अकरा नंबर."

सारजा वच्छलाबाईची नात. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या साथीत गेली. तिचा नमुना सत्यभामाने स्वतःच्या हाताने घेतला होता. निबंधात ती 'नमुना क्रमांक ११, मुलगी, वय चार, मृत' एवढीच होती. पण सत्यभामाने सगळा निबंध लिहिला होता तो त्या एका ओळीसाठी. बढतीचा विचार फार नंतर आला होता.

"मंग हे रद्द झालं, की ते बी रद्द व्हनार?"

"कागदावर व्हईल, मावशी."

वच्छलाबाईने कॅनचं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाली, "व्हऊ दे. ती काय परत यायची न्हाई. म्हशी तरी जगतील." आणि पदर तोंडाला लावून उठून गेली.

सत्यभामाने अंगठा टेकवला.

निबंध स्वीकारायला त्या संपादकांना चौदा महिने लागले होते. परत करायला तीन दिवस पुरले. सहाव्या दिवशी सील निघालं. नव्या आदेशातही संदर्भ एक होताच. गाळायची सोय नसल्यामुळे पुढे फक्त 'रद्द' असं लिहिलं होतं. मोटार सुरू झाली, टँकर लागले, वच्छलाबाईच्या म्हशींनी हौदाला तोंड लावलं ते बराच वेळ वर काढलं नाही. सुंदररावांनी सांजच्याला नेमाने पावडर टाकली.

महिनाभराने सत्यभामा कॉलेजातल्या आपल्या खोलीत बसली होती. बढतीचा अर्ज खणात पडून होता, त्याची मुदत चार दिवसांत संपणार होती. सवयीने तिने संगणकावर ते पान उघडलं, जिथे निबंधांचे उल्लेख मोजून दाखवतात. गेली सात वर्षं ती दर सोमवारी ते उघडत होती. आज तिथे लिहिलेलं होतं, 'उल्लेख : १'.

तिने लगेच तो 'एक' उघडला. 'सदर शोधनिबंध लेखिकेच्या विनंतीवरून मागे घेण्यात येत आहे,' अशी संपादकांची दोन ओळींची सूचना निघाली. सूचनेच्या तळाशी आधार म्हणून निबंधाचं नाव दिलेलं होतं, खंड चौदा, अंक तीन. मोजणाऱ्या यंत्राला कौतुक आणि मयताची चिठ्ठी यांतला फरक कळत नाही. ती हसायला लागली, आणि मग हसणं आवरता येईना म्हणून दार लावून घेतलं.

रविवारी फोनवर तिच्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, एक आला. खराखुरा."

"काय सांगतीस! रद्द झाल्यावर बी?" सुंदररावांनी विचारलं. "कोन हाय त्यो देवमानूस? पत्ता दे. संस्थेतर्फे आभाराचं पत्र धाडतो."

खरं सांगायचं तिच्या जिवावर आलं. तिने आपल्याच क्वार्टरचा पत्ता सांगितला. नाव तेवढं सांगितलं नाही.

आठ दिवसांनी पत्र आलं. पाकिटावर राधाकिशनचं मोत्यासारखं अक्षर, आत संस्थेचा कागद, वर जावक क्रमांक.

'प्रति, माननीय संशोधक महोदय.
विषय : आभार.
संदर्भ : १) कै. कु. सारजा, वय वर्षे चार.

महोदय, आमच्या गावच्या डॉक्टरीणबाईंच्या निबंधाची आपण दखल घेतलीत, त्याबद्दल संस्था आभारी आहे. सदर निबंध आता रद्द झालेला आहे. परंतु तो खरा होता, हे आपणांस कळविण्यात येते. त्या साली आमच्या विहिरीचं पाणी खराब होतं आणि ते गावाला पाजणारे आम्हीच होतो. डॉक्टरीणबाईंनी तो निबंध गावाच्या पाण्यासाठी मागे घेतला, त्यांची चूक काही नव्हती. पुढे कुणी विचारल्यास आपण तसे सांगावे, ही विनंती.'

खाली चेअरमन सुंदरराव शिनगारे यांची सही होती. तिच्या बाजूला, जिथे एरवी संस्थेचा शिक्का असतो तिथे, एका डाव्या अंगठ्याचा ठसा होता आणि शेजारी बारीक अक्षरात 'निशाणी : वच्छलाबाई' असं लिहिलेलं होतं.

सत्यभामाने पत्र दोनदा वाचलं. मग तिने खणातून तो मुदत संपलेला अर्ज काढला. पहिल्या रकान्यातला एक खोडून तिथे शून्य लिहिलं. दुसऱ्या रकान्यातलं शून्य खोडून, यंत्राच्या एकात हे पत्र मिळवून, तिथे दोन लिहिलं, आणि अर्ज पत्रासकट परत खणात ठेवून दिला.